सही घे, पण कागद आधी वाचून दाखव

पत्र:

ताई, मी दहावीला आहे, गोव्यात म्हापशात राहते. आम्ही मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडकडचे, मी दुसरीत असताना इकडे आलो. पप्पा मार्केटात भाजी विकतात, मम्मी पण बसते, शुक्रवारी मी पण पहाटे जाते आणि तिथूनच शाळेत. घरात इंग्लिश फक्त मला येतं, भाऊ अजून चौथीत आहे. त्यामुळे बँक, रेशन, लाइट बिल, घरमालक, डॉक्टर, सगळीकडे मलाच नेतात. मागच्या महिन्यात पोलीस स्टेशनात भाडेकरूचा फॉर्म द्यायचा होता, त्या दिवशी माझी मॅथ्सची युनिट टेस्ट बुडाली. नववीत मार्क कमी आले तेव्हा पप्पा म्हणाले, तुझ्यासाठी गाव सोडलं आणि तू हे करतेस. मी सायन्स घेऊन नर्सिंग करावं आणि गोव्यात राहिल्याचा १५ वर्षांचा दाखला झाला की सरकारी नोकरी धरावी असं त्यांचं आहे. मला कॉमर्स आवडतं, रात्रीचा धंद्याचा हिशेब मीच करते. शाळेत मी घुमट आरतीच्या ग्रुपमध्ये आहे, घुमट म्हणजे गोव्याचं मातीचं वाद्य, ते वाजवते, पण घरी एक्स्ट्रा क्लास सांगितलंय कारण पप्पांना ते नाचगाणं वाटतं. आता फोंड्याला स्पर्धा आहे आणि टीचरनी पालकांच्या सहीचा फॉर्म दिलाय. पप्पांना इंग्लिश वाचता येत नाही, मी "इथं सही करा" म्हटलं की करतात. बाकीच्या कागदांत हा पण घालून सही घेऊ का? शाळेत पण मी पूर्ण त्यांच्यातली नाही, काही जण घाटी म्हणतात. एकदा वर्गातल्या मुलीची आई भाजी घ्यायला आली तर ती जाईपर्यंत मी क्रेटच्या मागे बसून राहिले. कधीकधी वाटतं कुठेतरी निघून जावं. नाव छापू नका.

उत्तर:

नाव नाही छापत, आणि ओळखू येईल असं बाकीचं पण काढून टाकलंय. आता आधी फॉर्मचं बोलू, कारण बाकी सगळ्याला वेळ आहे आणि त्याला नाहीये.

नको घालू तो बाकीच्या कागदांत. सोपं आहे हे मला कळतंय, लाइट बिलाखाली ठेवला, पेन हातात दिलं, झालं, पप्पा बघणार पण नाहीत. पण ते का बघत नाहीत याचा जरा विचार कर ना. मार्केटात धंदा करणारा माणूस आहे, सोपोची, म्हणजे बाजारात बसायच्या पैशांची, पावती दिली तरी उलटून बघत असेल, क्रेट घेताना वरचे चार टोमॅटो बाजूला करून खालचे बघितल्याशिवाय पैसे देत नसेल, आणि तोच माणूस तू बोट ठेवतेस तिथं काही न विचारता सही करतो. घरात चिडचिड, बोलणी, मार्कांवरून टोमणे हे सगळं असूनसुद्धा करतो. तुझ्यावर त्यांचा विश्वास नाही असं तुला वाटत असेल आणि मला तर वाटतं की तुझ्याइतका त्यांचा दुसऱ्या कुणावर नसेल. तो विश्वास एका फॉर्मसाठी वापरून टाकू नको. सापडशील हे तर आहेच, स्पर्धेचा फोटो कुणाच्या तरी व्हॉट्सअपवर जाणार आणि बाजूचा भाजीवाला येऊन सांगणार की पोरगी भारी वाजवते हां तुमची, मग काय होईल ते तुला माहीत आहे. त्याच्या पुढचं सांगते, त्यानंतर पप्पा प्रत्येक कागद घेऊन कुणाकडे तरी जातील, ऑफिसबाहेर पैसे घेऊन फॉर्म भरून देणारे बसलेले असतात त्यांच्याकडे जातील, आणि घरात तू काहीही वाचून दाखवलंस तरी त्यांच्या मनात शंका राहील. आणि समज नाहीच सापडलीस, तरी पुढच्या वेळी बँकेचा कागद त्यांच्यासमोर धरताना तुला काय वाटेल, ते तूच सांग.

पण याचा अर्थ घुमट सोड असा अजिबात नाही. मुळीच सोडायचं नाही. दहावी आहे म्हणून सगळं बंद कर असं सांगणारे पुष्कळ भेटतील तुला, मी त्यातली नाही, आठवड्यातले दोन-तीन दिवस तासभर वाजवून कुणी नापास होत नाही, तुझे तास जातायत ते दुसरीकडे, त्यावर येतेच मी.

तर फॉर्मचं असं कर. जसा तू त्यांना बँकेचा कागद मराठीत समजावून सांगतेस तसाच हा पण सांग, ओळ न ओळ. किती वाजता निघायचं, कुठली बस, बरोबर कोण टीचर, जेवण कुठे, किती वाजता परत. घरचे नाही म्हणतात ना तेव्हा बऱ्याच वेळा त्यांना एवढंच माहीत नसतं, आणि माहीत नाही असं म्हणायला कमीपणा वाटतो म्हणून मग सरळ नाही म्हणून मोकळे होतात. टीचरचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून त्यांना दे. गुरुवारी रात्री हा विषय काढू नको, दुसऱ्या दिवशी बाजार असतो, डोकं तिकडे असतं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर काढ, आणि सकाळीच मम्मीच्या कानावर घालून ठेव, म्हणजे ती एकदम गडबडणार नाही. एक्स्ट्रा क्लासचं खोटं पण तेव्हाच सांगून टाक, एका वाक्यात. "पप्पा, एक्स्ट्रा क्लास नव्हता, मी घुमटाच्या प्रॅक्टिसला जात होते, तुम्ही नाही म्हणाल म्हणून सांगितलं नाही." बास. त्याला कारणं चिकटवू नको, रडू पण नको जमलं तर. चिडतील, चिडू देत. दोन दिवस बोलणार नाहीत कदाचित. ते सोस, कारण खोटं तू बोललीयेस आणि चिडायचा तेवढा हक्क त्यांना आहे.

आता नाचगाण्याचं. मला वाटतं तुझ्या पप्पांनी घुमट आरती नीट ऐकलेलीच नसेल, कारण चवथीला गोव्यातल्या घराघरांत आरत्या रंगलेल्या असतात तेव्हा तुम्ही सगळे बहुतेक गावी गणपतीला गेलेले असता. चवथीच्या आधी माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्याच्या, सामानाचा बाजार तेवढा त्यांनी बघितला असणार. मग त्यांना कसं कळणार की तू काय वाजवतेस? तर ते घुमट एक दिवस घरी आण, टीचर देतील विचारलंस तर. मातीचं मडकं, दोन्हीकडून उघडं, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं आणि छोट्या तोंडावर तुझा डावा तळवा, तो उघडला-मिटला की आवाज आतून घुमतो, हे त्यांच्या हातात देऊन दाखव. पूर्वी घोरपडीचं कातडं लावायचे, वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आली, आता बकरीचं लावतात, हे पण सांग, भाजीवाला असो की कुणी, वस्तू कशी बनते हे ऐकायला माणसाला आवडतंच. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलंय हे पण सांग. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या आरत्या मराठीत असतात ना गं! शामेळ नावाचा ढोल, कांसाळें म्हणजे झांज, घुमट, सगळं गोव्याचं आणि तोंडी शब्द मराठी, म्हणजे तुझ्या ग्रुपमध्ये ज्या मुली पाचवीपासून इंग्लिशमध्ये शिकल्या आणि घरी कोंकणी बोलतात त्यांना जे शब्द पाठ करावे लागतात ते तुला झोपेत येत असतील. चंदगडकडे गावोगाव भजनं असतात, पप्पांनी पण कधीतरी टाळ धरला असणार. त्यांच्यासमोर एक आरती म्हण आणि अडखळलीस तर त्यांना विचार. वास्कोचा दामोदर सप्ताह शंभर वर्षांहून जुना आहे, तिथे एवढी माणसं भजनाला उभी राहतात, त्याला कुणी नाचगाणं म्हणतं का, हे पण त्यांना विचारून बघ, पण प्रेमाने हां, भांडायला नको.

आता तासांचं. तुझ्या पत्रात मला जे सगळ्यात जास्त लागलं ते बुडलेली युनिट टेस्ट. तू घरातली क्लार्क आहेस, दुभाषी आहेस, हिशेबनीस आहेस, शुक्रवारी पहाटे हमाली पण आहे, आणि हे कुणीच काम म्हणून धरत नाही, तू स्वतः पण नाही धरत. तुझ्या पत्रात ते एका ओळीत येऊन गेलं आणि मार्क कमी आल्याचं मात्र असं लिहिलंयस जसं काही तू गुन्हा केलास. बाहेरून आलेल्या घरांत थोरल्या पोरांच्या वाट्याला हे येतंच, जिथे जाल तिथे, आणि आईवडलांना ते दिसत नाही कारण एकेक काम छोटं असतं, पंधरा मिनिटं इथे, दीड तास तिथे, संध्याकाळी मात्र त्यांना फक्त एवढंच दिसतं की पुस्तक उघडलेलं नाही.

म्हणून ते दिसू दे. घरात भिंतीवर कालनिर्णय असेलच, त्याच्या तारखेच्या चौकोनात रोज पेन्सिलने लिही, बँक, रेशन, हिशेब, मार्केट, किती वेळ गेला ते. तक्रार म्हणून नको, जसा भाजीचा हिशेब लिहितेस तसा, एक शब्द वाढवून नको. दोन आठवडे लिही आणि मग पप्पांसमोर बस. हिशेबाची भाषा त्यांना कळते. तेव्हा "मला वेळ मिळत नाही" असं मोघम म्हणू नको, ते सगळीच पोरं म्हणतात, काय हवंय ते सांग. मी तुझ्या जागी असते तर हे मागितलं असतं: टेस्टच्या दिवशी कुठलंही ऑफिस नाही, काहीही झालं तरी नाही. टेस्टच्या आठवड्यातल्या शुक्रवारी पहाटे मार्केट नाही. पूर्ण शुक्रवार सोडवून घ्यायचा प्रयत्न मी आत्ताच नसता केला, तो त्यांचा सगळ्यात मोठा धंद्याचा दिवस आहे आणि दोघांच्याच्याने तो निघत नसेल, पण प्रिलिमपासून बोर्ड संपेपर्यंत मात्र गावाहून कुणाला बोलवा, नाहीतर कुणाला रोजाने घ्या, हे आत्तापासून बोलून ठेव.

आणि कागदांची कामं अर्ध्याहून जास्त तुझ्याशिवाय होऊ शकतात, हे तुला पण पटवून घ्यावं लागेल. बघ, गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामाला मराठी पण चालते, काउंटरच्या पलीकडच्या माणसाला मराठी कळतं, बहुतेक वेळा बोलता पण येतं. अडतं ते फक्त इंग्लिश फॉर्मपाशी. तो आदल्या रात्री घरी भर, कुठल्या खिडकीवर द्यायचा आणि काय बोलायचं ते पप्पांना सांग, आणि सकाळी तू शाळेत जा, ते एकटे जाऊ देत. पहिल्यांदा परत पाठवतील एखाद्या झेरॉक्ससाठी, पाठवू देत. बँकेचं काम पहिल्या-तिसऱ्या शनिवारी ठेवा, दुसऱ्या-चौथ्याला बँक बंद असते. लाइट बिल मोबाईलवरून कसं भरायचं ते मम्मीला शिकव, भाजीवाल्या बायका आता पैसे मोबाईलवर घेतायतच की सगळ्या, मग भरता पण येतील. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांत देणं हे मुळात घरमालकाचं काम आहे, तुम्ही त्याला कागद आणि फोटो द्यायचे, त्याने पुढचं बघायचं, ज्याच्यासाठी तुझी टेस्ट बुडाली ते काम तुझं नव्हतंच. क्लास टीचरना पण हे असंच्या असं सांग, टेस्ट का बुडाली ते. लाजू नको. टीचरना वाटत असेल पोरीने दांडी मारली.

नववीच्या मार्कांबद्दल एकच. तू प्रायमरी मराठीतून केली असणार, आणि इथे पाचवीला एकदम सगळं इंग्लिश होतं. गोव्यातल्या मराठी-कोंकणी शाळांतल्या पोरांना हा धक्का बसतोच, पण त्यांच्यातल्या कित्येकांना घरी कुणीतरी समजावून सांगणारं असतं, काका, शेजारची दीदी, ट्यूशन. तुला कुणी नव्हतं, उलट तूच सगळ्यांना समजावून सांगत होतीस. त्यात मार्क घसरले याला मी आळस म्हणणार नाही.

सायन्स की कॉमर्स याचं उत्तर आज द्यायची गरज नाही, पण माहिती दोघांना सारखी पाहिजे म्हणून सांगते. बीएस्सी नर्सिंग करायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतंच, त्यामुळे नर्सिंगचा खरंच विचार असेल तर सायन्सला पर्याय नाही. जीएनएम म्हणून नर्सिंगचाच डिप्लोमा असतो, त्याला साधारणपणे दुसऱ्या शाखेची बारावी पण चालते. कॉमर्सकडे गेलीस तर बीकॉम आहे, आणि सीए करायचं मनात आलं तर दहावीनंतर नाव नोंदवता येतं आणि पहिली परीक्षा बारावीनंतर देता येते. पप्पांना सीए म्हणजे काय हे माहीत नसेल पण टॅक्सचे कागद करून देणारा माणूस किती पैसे घेतो हे मार्केटात सगळ्यांना माहीत असतं. माझं मत विचारशील तर, जी पोरगी पंधराव्या वर्षी रोज रात्री धंद्याचा हिशेब जुळवते आणि वर म्हणते की मला हे आवडतं, तिला सायन्सला घालायच्या आधी मी दहा वेळा विचार केला असता. पण नर्सिंग म्हणजे काहीतरी वाईट, पप्पा लादतायत, असं पण डोक्यात घेऊ नको. ते सुचवतायत कारण नर्सला काम मिळतं हे त्यांना दिसतंय, आणि ते खोटं नाहीये.

१५ वर्षांच्या दाखल्याबद्दल पप्पा बरोबर बोलतायत. सरकारी नोकरीला इथे तो लागतो, मामलेदार ऑफिसातून मिळतो, आणि तुमची आठ वर्षं झाली म्हणजे अजून सात. त्यामुळे शाळेचे दाखले, भाड्याचे कागद सगळं एका फाइलमध्ये नीट ठेव. पण त्याच जाहिरातींत अजून एक ओळ असते ती त्यांना वाचून दाखव: कोंकणी येणं आवश्यक, मराठी येत असल्यास चांगलं. आता तुला कोंकणी कुणी शिकवली? पप्पांनी नाही, मी नाही, ट्यूशनने नाही, शाळेतल्या आणि घुमटाच्या ग्रुपमधल्या मैत्रिणींनी. मधल्या सुट्टीत आणि प्रॅक्टिसला जे कानावर पडलं त्यातून ती आली. मैत्रिणींपासून तोडलं तर त्यांना जे हवंय त्यातलं पण निम्मं जाईल.

आता घाटी. हा शब्द लागतो, लागणारच, आणि दुर्लक्ष कर असं मी सांगणार नाही कारण दुर्लक्ष करून तो आतच राहतो. जी मुलगी किंवा मुलगा सारखं म्हणतो त्याला एकटं गाठून, सगळ्यांसमोर नाही, सरळ सांग की मला हे आवडत नाही, माझं नाव आहे. त्यानंतर पण चालू राहिलं तर टीचरला सांग, ती चुगली होत नाही. आणि हे म्हणणाऱ्यांच्या घरात डोकावलंस ना तर कुणाचे आजोबा मुंबईला गिरगाव-धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोव्याच्या गावकऱ्यांच्या राहायच्या क्लबांत, राहून बोटीवर गेलेले असतील, कुणाचा काका कुवेतला असेल, कुणाची मावशी पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला स्विंडनला गेली असेल, तिथे गोव्याची केवढी माणसं आहेत आता. त्यांची तुझ्याच वयाची पोरं तिकडच्या शाळेत ॲक्सेंटवरून चिडवून घेतायत आणि घरी येऊन आईचे फॉर्म भरतायत. घर सोडून पोटामागे गेलेली माणसं गोव्याला नवीन नाहीत. हे तू वर्गात भाषण म्हणून देऊ नको, तुझ्यासाठी सांगतेय.

क्रेटच्या मागे बसलीस त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. त्या दिवशी तुला तेवढंच सुचलं. फक्त पुढच्या वेळचं सांगते, कारण ती बाई परत येणारच, शुक्रवारी अर्धा बारदेस तालुका म्हापशात असतो. ती आली की उभी राहा आणि तूच आधी बोल. "आंटी, मी तुमच्या मुलीच्या वर्गात." बाकी काही नको. वालपापडी तोलून दे, पिशवीत घाल, पैसे घे. पहिली पाच सेकंद घाम फुटेल, त्यानंतर ती फक्त एक गिऱ्हाईक असेल जिला कोथिंबिरीची जुडी वर मागायची आहे. आणि सोमवारी ती मुलगी वर्गात काय बोलते ते बघ. वाईट बोलली तर ती मैत्रीण नव्हती हे कळेल, पण मला वाटतं नाही बोलणार.

आता शेवटची ओळ तुझ्या पत्रातली, निघून जावंसं वाटतं ती. ती तू घाईत लिहून टाकलीस पण मी दोनदा वाचली. दमलेल्या माणसाला असं वाटतं आणि तू दमलीयेस, त्यात वेडंवाकडं काही नाही. पण ते किती वेळा वाटतं आणि वाटलं की पुढे काय डोक्यात येतं हे कुणातरी मोठ्या माणसाशी बोल, याच आठवड्यात. गोव्यातल्या बऱ्याच शाळांत गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनचे काउन्सेलर येतात, तुझ्या शाळेत कुठल्या दिवशी येतात ते क्लास टीचरला विचार, घुमटाच्या टीचरना सांगितलंस तरी चालेल. रात्री-बेरात्री वाटलं तर नंबर नीट लिहून घे, १४४१६, टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत. मुलांसाठी १०९८ पण आहे. आणि कधी स्वतःला काही करून घ्यावं असा विचार आला तर थांबू नको, मम्मीला उठव, त्याच क्षणी. ती रागावणार नाही.

इथून पुढचं पप्पांसाठी आहे. ते मराठी वाचतात ना, मग तू वाचून दाखवू नको, मोबाईल त्यांच्या हातात दे.

भाऊ, तुमच्या मुलीने माझ्याकडे तुमची तक्रार केलेली नाही. पूर्ण पत्रात तुमच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही. तिने एवढंच विचारलं की पप्पांना न सांगता सही घेऊ का, आणि मी नको म्हटलं, आणि ती हे तुमच्यासमोर घेऊन आलीय म्हणजे तिने ऐकलं. ती खोटं बोलली ते चुकलंच, त्याबद्दल बोला तिला. पण "तुझ्यासाठी गाव सोडलं" हे तेवढं परत म्हणू नका. खरं असेल, पण थोडंसंच, शेती थोडी होती, खाणारी तोंडं जास्त होती, हातात पैसा खेळावा असं वाटलं, धाकट्याचं पण बघायचं होतं, सगळं मिळून सोडलंत तुम्ही, आणि तेव्हा ती दुसरीत होती, तिला कुणी विचारलं नव्हतं. एवढं ओझं पंधरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर दिलं की ती अभ्यास करत नाही, ती फक्त घाबरते. घाबरलेलं पोर मग लपवायला शिकतं.

तुमचे सगळे कागद आज ती सांभाळते. ते तिच्याकडून थोडे कमी करा आणि काउंटरवर स्वतः उभे राहा, मराठीत बोला, जमेल तुम्हाला, रोज शंभर अनोळखी गिऱ्हाइकांशी बोलता तुम्ही. दहावी होईपर्यंत टेस्टचे दिवस तिला सोडा. आणि स्पर्धेला एकटं पाठवायची भीती वाटत असेल तर पाठवू नका, बरोबर जा. त्या दिवशी वहिनींना धंद्यावर बसू द्या, म्हापशाहून पणजीला आणि पणजीहून फोंड्याला सारख्या बसा असतात, दुपारपर्यंत ऐकून संध्याकाळी परत याल. फॉर्मवर सहीच्या खाली मोबाईल नंबरची जागा असते, तिथे चालू असलेला नंबर घाला, बस यायला उशीर झाला तर टीचर त्यावरच फोन करतात.